कायम होण्याआधीचे पेढे

माधवनगर, १४ मे

उदयसिंह,

आशीर्वाद शेवटी देईन. आदी भांडून घेते.

फोन उचलत न्हाईस. दुसऱ्याच्या फोनवरनं केला तर माझा आवाज ऐकला की ठेवून देतोस. म्हणून म्हटलं, पत्रच लिवावं. पलटणीत हुतास तवा माझं पत्र आलं की सगळ्या बराकीला वाचून दावायचास. मी शेजारणीला घातलेल्या शिव्यासुद्धा! तवा माझं पत्र फाडायचं तुझ्या जिवावर येणार, येवढा भरवसा मला हाय. आणि शालू, तू हे मोठ्यांदा वाच गं. तुझा नवरा सोप्यात पेपर तोंडापुढं धरून बसलेला असणार. वाचत काय नसतोय त्यो, नुसता धरतोय.

तुझी लेक शिवांजली माझ्याकडं सुखरूप हाय. हे तुला ठाव हायच, कारण शालू चोरून फोन करती आणि तू चोरून ऐकतोस. पोरीला फलटणला कॅनॉलच्या रस्त्यानं रोज पहाटे पळवलीस, पोलीस भरतीत उतरवायची म्हणून. पळण्यात पास झाली, आणि लेखी परीक्षेच्या वक्ताला म्हणाली, आण्णा, मी इचलकरंजीला सुताचं शिकलेय, मला त्यातच काम करायचंय. तू म्हणालास, गेलीस तर परत येऊ नको. ती गेली. आता बोल कुणाला लावायचा? असला हेका तुझ्या घरात आणिक कुणाचा हाय सांग बरं.

तिला एप्रिलच्या सुरवातीपासनं हितल्या सूतगिरणीत सुपरवायझरचं काम मिळालंय. माझी खानावळ गिरणीच्या फाटकासमोरच, निम्म्या गिरणीचे डबे माझ्या चुलीवरनं जात्यात, तवा आतलं समदं मला कळतं. पयले सहा महिनं प्रोबेशन. म्हणजे पारखून घेत्यात. पटलं तर कायम, न्हाई तर घरचा रस्ता. आता पयल्याच दिवशी तुझ्या लेकीनं काय केलं ऐक. हजेरीवाला जेवायला आला आणि म्हणाला, "रंगूबाई, तुमची भाची लय कडक दिसतीया. नेमणुकीचा कागद बसून सगळा वाचला, मग सही केली, आणि वर त्याची प्रत मागून घेतली. अस्सल मार्कशिटा ठेवून जा म्हटलं तर झेरॉक्स दिली आणि अस्सल पिशवीत घालून घेऊन गेली."

 संध्याकाळी फैलावर घेतली. "अगं बये, कायम तरी हो आदी, मग दाव काय रुबाब दावायचा त्यो!"

ती भाकरी मोडत शांतपणे म्हणाली, "आत्ती, प्रोबेशनवर असले तरी मी कामालाच आहे की. विमा, फंड पहिल्या दिवसापासून लागू असतो. आणि ते मला पारखतात तसं मीपण त्यांना पारखतेय. नाही पटलं तर नोटीस देऊन मलापण जाता येतं."

गिरणी पोरीला पारखती हे ऐकून हुते. पोरगी गिरणीला पारखती हे पयल्यांदाच ऐकलं. मला हसू आवरंना. तिच्याबरुबर त्याच दिवशी लागलेली कुंडलची एक पोर हाय, सुमैरा. बाप मुजीब, बाजारात बांगड्या विकतोय. ती बिचारी मशिनवर असती. तिला विम्याच्या कार्डाचं कायबी ठाव नव्हतं. तेबी शिवांजलीनं मागायला लावलं. दोघी माझ्या माडीवर एका खोलीत ऱ्हात्यात.

आशीर्वाद देणार हुते, पण आता राग आलाय. ऱ्हाऊ दे.

तुझी अक्का


माधवनगर, २९ सप्टेंबर

उदयसिंह,

खंडेनवमी तोंडावर आलीया, डब्यांची धांदल हाय, तरी लिवतीय. कारण हे तुला शालूकडनं अर्धंमुर्धं कळण्यापरीस माझ्याकडनं पुरं कळावं.

खंडेनवमीला गिरणीत मशिनींची पूजा असती. त्याच्या आदी मशिनी झाडून पुसून लख्ख करायच्या. पूर्वी त्यासाठी मशिनी बंद ठेवायचे. आवंदा ऑर्डर लय, म्हणून चालू मशिनवरच झाडा म्हणून सांगितलं. कुणाला? प्रोबेशनवाल्या पोरींस्नी. कायम बाया न्हाई म्हणत्यात. प्रोबेशनवाल्या कशाच्या म्हणतील? जॉबर शमशेरचाचा, म्हणजे मशिनींच्या लायनीचे मुकादम, सगळ्यात जुना माणूस, त्यांनीच पोरींस्नी कामाला लावलं.

सुमैरा खाली वाकून कापसाचा चिकटलेला गुंता काढत हुती. तिची बाही आत ओढली गेली. ती वरडली, पण गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकायला जातंय? तुझी लेक लांबनं बघत हुती. धावली, आणि मशिनच्या टोकाला ते मोठं लाल बटण असतंय न्हवं, ते दाबलं.

मशिन जाग्यावर थांबलं. सुमैराची बाही कोपरापातूर फाटली, हात सोलून निघाला, पण हात हाय. बोटं पाचीच्या पाची हायत. मी सवता मोजली.

पण मशिन असं थांबलं की सगळे धागे तुटत्यात. ते जोडता जोडता पाळी संपली. मॅनेजर वीरधवल साहेब खाली आला. तरणा हाय, वाईट न्हाई, पण तवा लय तापला हुता. सगळ्यांपुढं म्हणाला, "प्रोबेशनवरच्या माणसानं मशीन बंद करायची? तुला हा अधिकार कुणी दिला?"

तुझी लेक काय म्हणाली ठाव हाय? "साहेब, ते बटण सगळ्यांसाठी आहे. त्यावर 'फक्त कायम कामगारांनी दाबावं' असं काही लिहिलेलं नाही."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या म्हणं. मला शमशेरचाचांनी सांगितलं, आणि सांगताना मान खाली घालून बसले हुते. त्या दिवशी डबा तसाच परत आला त्यांचा.

मी शिवांजलीला बोलले, न्हाई म्हणत न्हाई. "हात वाचवलास ते लाख मोलाचं. पण उलट उत्तर कशापायी? आठ दिवसावर कायम व्हायचं आलंय तुझं." तर म्हणाली, "आत्ती, उलट नाही बोलले. त्यांनी विचारलं, मी सांगितलं." आणि सुमैराच्या हाताला मलम लावत बसली. उदा, त्या वक्ताला तिच्याकडं बघितलं आणि मला आपली आई दिसली. आईबी अशीच बोलायची, आवाज न चढवता. मी आत जाऊन डोळं पुसलं.

सुमैराला विम्याच्या दवाखान्यात नेलं. कार्ड हुतं म्हणून. ते कुणी काढायला लावलं ते ध्यानात असू दे.

अक्का


माधवनगर, ८ ऑक्टोबर

उदयसिंह,

एक घोळ झालाय. केला कुणी ते पत्राच्या शेवटी सांगीन.

आदी पूजेचं. ह्या गिरणीत एक रीत हाय. खंडेनवमीला मशिनची पूजा कायम माणसांनी करायची आणि प्रोबेशनवाल्यांनी ताट धरून उभं ऱ्हायचं. शिवांजलीच्या लायनीत पयला हार शमशेरचाचांचा, मोठ्या शेठच्या काळापासनं. दरसाली ते हार मशिनच्या कपाळाला घालत्यात. आवंदा शिवांजली ताट धरून उभी. चाचांनी ताटातला हार उचलला, मशिनच्या म्होरनं चालत टोकाला गेले, आणि त्या लाल बटणाच्या पेटीला घातला.   वीरधवल साहेबानं बघितलं, पण हार काढायला लावला न्हाई.

 

आता घोळ. दसऱ्यानंतर तिचे सहा महिने भरले. दोन दिवस वाट बघितली, गिरणीतनं कुणी काय बोललं न्हाई. मला वाटलं, सहा महिने भरले, काढली न्हाई, म्हणजे झाली की कायम! आपल्यात लगीन ठरलं की मोडलं म्हणत न्हाईत तवर ठरलेलंच असतंय का न्हाई? मी गेले, चांगले खव्याचे पेढे आणले, आणि डब्यात घातले. सगळ्या डब्यात. एकेक पेढा, वर चिठ्ठी न्हाई कायतरी न्हाई, पण डबे पोचवणाऱ्या भाऊसोला सांगून ठेवलं, इचारलं तर सांग, शिवांजली कायम झाली.

वीरधवल साहेबाचाबी डबा माझ्याकडंच असतोय.

त्यानं झाकण उघडलं. पेढा. "कशाचा?" भाऊसो म्हणाला, "शिवांजलीताई कायम झाल्या न्हवं!" साहेब म्हणाला, "असं? मलाच माहीत नाही."

संध्याकाळी पोर घरी आली. मला वाटलं खेकसंल. खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यातनं पाणी. म्हणाली, "आत्ती, दिवस भरले म्हणून कुणी आपोआप कायम होत नाही गं. त्यांनी तसं लेखी द्यावं लागतं. नाहीतर प्रोबेशन चालूच राहतं." मग म्हणाली, "उद्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय. शमशेरचाचांनापण."

पेढ्याची गोष्ट माझी. झालं लिवून. आता तू हसायचं तेवढं हस, पण हसून झालं की तिला एक फोन कर. पोर घाबरलीय. बोलत न्हाई, पण रात्रीची भाकरी अर्धीच खाल्ली.

अक्का


माधवनगर, २५ ऑक्टोबर

उदयसिंह,

भाऊबीजेला आला न्हाईस. ताट करून ठेवलं हुतं. ते भाऊसोला ओवाळलं, त्यानं ओवाळणीत मला पाण्याची बाटली दिली.

तू आला न्हाईस, पण तुझं कार्ड आलं. सव्वा ओळ. "रंगरुटानं तोंड उघडायचं नसतं. माफी मागून मोकळी हो म्हणावं." वा रं सुभेदार! वाचून असा संताप आला की कार्ड चुलीत घालणार हुते. शिवांजलीनं हातातनं घेतलं, वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. म्हणाली, "आण्णांचं अक्षर अजून चांगलं आहे." फाडलं न्हाई तिनं. तुझ्यासारखीच.

आता केबिनमधी काय झालं ते सांगते. शमशेरचाचा आत हुते, त्यांनी शब्दनशब्द सांगितलाय.

साहेबानं राजीनामा टाइप करूनच ठेवला हुता. म्हणाला, "काम चांगलं आहे तुझं. पण वृत्ती इथं बसणार नाही. यावर सही कर, मी अनुभवाचं पत्र चांगलं देतो. तुझ्या नावाला कुठं डाग लागणार नाही."

ती म्हणाली, "साहेब, मला जायचं असेल तेव्हा मी माझ्या मनानं जाईन, रीतसर नोटीस देऊन. तुम्हाला मला काढायचं असेल तर तुम्ही काढा, आणि का काढलं ते लिहून द्या. तुमचं काम माझ्या सहीनं करून घेऊ नका."

चाचा म्हणाले, रंगूबाई, तीस वर्सं मी त्या केबिनमधी उभा ऱ्हातोय, खुर्चीवरच्याला असं बोललेलं कुणाला ऐकलं न्हाई. आणि आवाज कसा, तर भाजीत मीठ जरा कमी हाय म्हणून सांगावं असा.

साहेब म्हणाला, "हे सगळं तुला शिकवतंय कोण? कुठल्या युनियनवाल्याच्या नादाला लागलीस?"

उदा, आता पेपर खाली ठेव आणि ऐक.

ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी शिकवलं. ते फौजेत रंगरुटांना गोळीबार शिकवायचे. ते सांगायचे, फायरिंग चालू असताना धोका दिसला तर 'थांब' म्हणायचा हक्क सगळ्यांना असतो. काल भरती झालेल्या पोरालासुद्धा. आणि त्यानं थांब म्हटलं की सुभेदारानंपण थांबायचं. एकदा एका नवीन पोरानं असं थांबवलं होतं. पुढं गुराखी आला होता. माझ्या वडिलांनी त्या पोराला सगळ्या प्लाटूनपुढं शाबासकी दिली. साहेब, ही गोष्ट मी लहानपणी जेवताना इतक्यांदा ऐकलीय की बटण दाबताना मला विचारच करावा लागला नाही."

 साहेबानं त्यो राजीनाम्याचा कागद उलटा करून ठेवला. "प्रोबेशन तीन महिने वाढवतो," म्हणाला. ती म्हणाली, "चालेल. तेवढं लेखी द्या." दिलं.

तू रंगरुटाचं तोंड बंद करायला सांगतोस व्हय? अरं, रंगरुटाचं तोंड उघडायला तूच शिकवलंस की!

आणि आणिक एक. इचलकरंजीच्या एका गिरणीत तिच्या वर्गातली मैतरीण हाय, तिथं हिला उद्या घेत्यात. मी म्हटलं, जा बाई, हितं कशाला तीन महिने जीव टांगणीला लावून ऱ्हातीस? ती म्हणाली, "जाता येतं आत्ती. तो माझा मार्ग मोकळाच आहे. पण आत्ता गेले तर सगळ्या पोरी एवढंच लक्षात ठेवतील, बटण दाबलं की नोकरी जाते. मग पुढच्या वेळी कुणाचा हात अडकला तर कुणी दाबणार नाही. मला कायम होऊन दाखवायचंय."

 मी तिच्यासाठी शेंगदाण्याची पोळी केली. दुसरं काय येतंय मला.

अक्का


माधवनगर, १६ नोव्हेंबर

उदा,

लबाड हायस तू. लय लबाड.

तू मागल्या आठवड्यात येऊन गेलास. माझ्या खानावळीच्या म्होरनं गेलास आणि आत आला न्हाईस. तुला वाटलं कळणार न्हाई. अरं, फाटकावरचा वॉचमन ज्योतिबा पलटणीतनं रिटायर झालेला हाय. त्यानं तुझ्या चालण्यावरनंच वळखलं. म्हणाला, "रंगूबाई, दुपारी एक सुभेदार आले हुते. कोट घातलेला, पायात पॉलिश केलेले बूट. मी सलाम ठोकला. त्यांनी आत कुणाला भेटायचंय म्हणून न्हाई सांगितलं. नुसतं इचारलं, आवं, ते लाल बटण असतं म्हणं, कुठं असतं?"

ज्योतिबानं तुला खिडकीपातूर नेलं. काचेतनं बटण दावलं. त्याला खंडेनवमीचा हार अजून तसाच हाय, वाळलाय, पण कुणी काढत न्हाई. तू बराच वेळ बघत उभा ऱ्हायलास म्हणं. आणि शिवांजली मशिनींच्या मधनं चालत हुती, सुमैराला कायतरी सांगत. ज्योतिबा म्हणाला, "बोलावू का पोरीला?" तर तू म्हणालास, "नको, ड्युटीवर हाय." आणि गेलास एस्टी स्टँडला.

मी ज्योतिबाला दोन शिव्या हासडल्या, तुला धरून ठेवला न्हाई म्हणून. मग घरात येऊन रडले. मग भाजी करपली म्हणून सवताला दोन शिव्या घातल्या.

आता पुढचं ऐक. दोन दिवस थांबला असतास तर सवता बघितलं असतंस. गिरणीचे मालक, शेठ, महिन्याभरानं मुंबईवरनं आले. शमशेरचाचा सवताहून त्यांच्यापुढं गेले. वीरधवल साहेब शेजारीच. चाचा म्हणाले, "शेठ, चालू मशिनवर झाडा म्हणून हुकूम वरनं आला, पण पोरींस्नी सांगणारं तोंड माझं हुतं. मी कायम माणूस. मी न्हाई म्हणायला पायजे हुतं, मी म्हटलं न्हाई. जी कायम न्हाई तिनं म्हटलं. तिला वाढीव प्रोबेशन देता तर मलाबी द्या. मीबी तीन महिने ताट धरून उभा ऱ्हातो."

शेठनी वीरधवल साहेबाकडं बघितलं. आणि साहेबानं, खरं तेच सांगितलं पायजे, साहेबानं स्वतःच म्हटलं, "सर, निर्णय माझा चुकला. त्या दिवशी मी तुटलेले धागे बघितले, हात बघितला नाही." म्हणून म्हणते, त्यो पोरगा वाईट न्हाई. त्याच्या डब्यात आता तूप जास्त घालते.

चार दिवसांमागं शिवांजली कायम झाली.

ह्या बारीला मी कागद हातात घेतला. चष्मा लावला. दोनदा वाचला, मग सुमैराकडनं वाचून घेतला, मग ज्योतिबाकडनं. कायम म्हणजे कायमच लिवलंय, खाली शेठची सही, शिक्का. आणि गिरणीत फळ्यावर लागलंय, मशिन झाडायचं ते बंद करूनच झाडायचं. पोरी येता-जाता त्या फळ्याकडं बघत्यात आणि मग तुझ्या लेकीकडं बघत्यात. तिला लाज वाटती म्हणून ती मागच्या दारानं येती.

सुमैराचे वडील कुंडलवरनं आले हुते. दोन्ही हातात मावतील येवढ्या बांगड्या घेऊन. शिवांजलीच्या हातात भरल्या त्यांनी, एकेक करून. भरून झाल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि ती, जी मॅनेजरपुढं डगमगली न्हाई, ती तिथं हमसून हमसून रडली. मला म्हणाली, "आत्ती, आण्णा असते तर." मी तिला सांगितलं न्हाई तू येऊन गेलास ते. ते तुझं तू सांग.

गल्लीतले लोक इचारायला लागलेत, अक्का, पेढे कुठायत? मागं एकदा आगाऊ वाटले हुते म्हणून चेष्टा करत्यात. मी सगळ्यांस्नी सांगितलंय, ह्या बारीला पेढे मी वाटणार न्हाई. पोर कायम झाली की पेढे बापानं वाटायचे असतात. फलटणवरनं यायला त्याला जरा टाइम लागंल, तवर तोंडं गप ठेवा.

तवा पेढे घेऊन ये. चांगले मोठे आण. डबे मी भरून ठेवते, पेढा तू घालायचास, पयला वीरधवल साहेबाच्या डब्यात. त्यो इचारील, कशाचा? तवा भाऊसोनं नको, तूच उत्तर दे, तुझ्या त्या परेडच्या आवाजात.

आणि मेपासनं आडवून ठेवलेला आशीर्वाद तवाच देईन, डोक्यावर हात ठेवून. टपालानं पाठवायची ती चीज न्हाई.

शालू, वाचून झालं का गं? आता जरा त्याच्या तोंडापुढचा पेपर बाजूला कर आणि बघ.

तुझी अक्का